मदत हवी आहे: बायबलमधले रोमकरांस ४ आणि याकोब २ हे अध्याय एकत्र कसे शिकवावे?

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या घरी दर बुधवारी तरुणांचा शास्त्राभ्यास असतो. गेल्या वेळी एका मुलीने विचारलं, "पौल म्हणतो अब्राहाम विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरला, याकोब म्हणतो क्रियांनी. मग खरं काय?" मी उत्पत्ती १५ दाखवलं, तिथे अब्राहामाने नुसता देवावर विश्वास ठेवला. त्याच्या मुलाचं, इसहाकाचं, अर्पण येतं २२व्या अध्यायात, बऱ्याच वर्षांनी. म्हणजे क्रिया हे विश्वासाचं फळ, तारणाची किंमत नव्हे, असं मी मनापासून मानते. पण तिचं समाधान झालं नाही, त्याची रुखरुख लागलीय. इफिसकरांस २:८-१० आधी घ्यावं का? तिथे कृपेने, विश्वासाद्वारे तारण आहे आणि लगेच दहाव्या वचनात सत्कृत्यांचा उल्लेख आहे. (दहावं वचन बरेचजण वाचतच नाहीत.) ज्यांनी हे शिकवलंय त्यांनी सुरुवात कुठून केली, कृपया सांगा.