मदत हवी आहे: कार्बन चक्र सोप्या शब्दांत कसं सांगू? उद्याच सांगायचंय

पाटीपेन्सिल:
उद्या सकाळी कार्बन चक्र आणि हवामान बदल समजावून सांगायचंय आणि मी एका ठिकाणी पार अडकलेय. झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात, प्राणी सोडतात, मेलेलं कुजतं, समुद्र घेतो-सोडतो, एवढं येतं मला. पण मागच्या वेळी एकीनं विचारलं, "श्वासातून सोडतो तोही कार्बन डायऑक्साइड आणि गाडीच्या धुरातलाही तोच, मग गाडीचाच वाईट कसा?" मी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. त्यात एकीकडे वाचलं की निसर्ग वर्षाला २०० अब्ज टनांची उलाढाल करतो आणि आपण जेमतेम १०, दुसरीकडे लिहिलंय आपण ३७. खरं कुठलं? लिंका नकोत प्लीज, वाचून झाल्यात.

सोनचाफा:
कोणाला सांगायचंय ते लिहिलंच नाहीये. मुलं का मोठी माणसं? वेळ किती? प्रोजेक्टर आहे का?

खटपट्या:
दोन काचेच्या बरण्या घ्या, एकीत खायचा सोडा आणि व्हिनेगर, दोन्हीत थर्मामीटर, वर दिवा. गॅसवाली जास्त तापते. मी ३ वेळा केलाय, मुलं जाम खूश होतात.

भूगोलवाला:
तो प्रयोग करू नका. सोड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, बरणीत खाली बसून राहतो आणि हवा नीट फिरत नाही, म्हणून तापमानात फरक पडतो बराचसा. पृथ्वी तापण्याचं खरं कारण वेगळं आहे. सूर्यप्रकाश आत येतो, तापलेली जमीन ती उष्णता न दिसणाऱ्या किरणांतून बाहेर टाकते आणि हा वायू ती शोषून त्यातली काही परत खाली पाठवतो. टिंडल नावाच्या शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये हे मोजून दाखवलंय.

खटपट्या:
अहो पण समोर काही दिसल्याशिवाय मुलं ऐकत नाहीत हो. तुमचे न दिसणारे किरण कसे दाखवणार?

निळंआभाळ:
ओझोनच्या भोकापासून सुरुवात करा, तिथूनच ऊन आत येतं आणि पृथ्वी तापते.

भूगोलवाला:
नाही हो, तो विषयच वेगळा. ओझोनचा थर विरळ झाला की अतिनील किरणं जास्त येतात, तापमानवाढीचं मुख्य कारण ते नाही.

पाटीपेन्सिल:
सॉरी, सातवीची मुलं, २० मिनिटं, प्रोजेक्टर नाही. आणि माझा प्रश्न श्वासाचा होता!

जमाखर्च:
श्वासाचं सोपं आहे. श्वासातला कार्बन जेवणातून आला, जेवण झाडापासून आलं, झाडानं तो थोड्याच काळापूर्वी हवेतून घेतलेला. म्हणजे घेतलेलं परत केलं. पेट्रोलमधला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता, या फेऱ्यात नव्हताच, तो आपण वर काढून नव्यानं घालतोय.
आकडे दोन्ही बरोबर. १० अब्ज टन हा नुसता कार्बन, ३७ म्हणजे त्याचा कार्बन डायऑक्साइड. १२ ग्रॅम कार्बन जळला की हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन धरून ४४ ग्रॅम होतो. म्हणूनच १ लिटर पेट्रोल जेमतेम पाऊण किलोचं, पण धूर होतो सव्वादोन किलोच्या वर. मुलांना हे वजन सांगा, डोळे मोठे होतात. २०० हाही नुसता कार्बन, त्याच्याशी १० च ताडा.

हिरवळ:
एवढं सगळं कशाला, प्रत्येकानं झाडं लावली की झालं. घरात लावायला कमी पाण्याची कुठली चांगली, कोणी सांगेल का?

सोनचाफा:
वेगळा धागा काढा ना प्लीज. आणि झाड मेलं, कुजलं की त्यातलं बरंचसं हवेत परतच जातं.

जमाखर्च:
खटपट्यांना दाखवायलाच हवंय तर बादली. खाली भोक पाडा, नळ असा सोडा की येणारं आणि जाणारं पाणी सारखं, पातळी एका जागी थांबते. ती निसर्गाची उलाढाल, पातळी म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. आता वरून तांब्यानं बारीक धार धरा, ती आपली. नळाच्या मानानं ती काहीच नाही, पण पातळी चढते. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर १० लाख रेणूंत २८० कार्बन डायऑक्साइडचे होते, १९५८ मध्ये कीलिंग या शास्त्रज्ञानी हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला घेतलं तेव्हा ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या वर.

भूगोलवाला:
पाणी चढलं की दाब वाढतो, भोकातून जास्त जातं आणि पातळी पुन्हा थांबते. मुलं म्हणतील, आपोआपच थांबतंय की.

जमाखर्च:
मग तेही सांगा, ते खरंच आहे. आपण सोडतो त्यातला निम्म्याच्या आसपास हवेत उरतो, बाकी झाडं, माती आणि समुद्र ओढून घेतात. समुद्राला ते सोसत नाही, पाणी आम्लाकडे झुकतं, शिंपल्यांना कवच बांधणं अवघड होतं. आणि आपली धार एकसारखी कुठेय, ती इतकी वर्षं वाढतच आलीय.

पाटीपेन्सिल:
आत्ता मोरीत करून बघितलं! बादलीला रबरबँड लावून खूण केली. धार धरल्यावर पाणी दोन बोटं चढून थांबलं, धार वाढवली तर परत चढलं. पण धार बंद केल्यावर थोड्याच वेळात खुणेवर आलं. हवेत तसंच होतं का?

भूगोलवाला:
नाही, इथे बादली फसवते. काही भाग समुद्र आणि झाडं काही दशकांत घेतात, पण बराचसा शेकडो वर्षं राहतो आणि त्यातलाही काही हजारो वर्षं. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलांना वाटेल धार थांबली की सगळं पूर्ववत.

पाटीपेन्सिल:
बरं झालं विचारलं. मग धार चालू असतानाच थांबते आणि हे तोंडी सांगते. भोकाला लावायला बूच शोधायचंय अजून.