कापूस, रेणू आणि गोंड मुलूख: संशोधनाचा उपयोग ठरवणार कोण?

धंतोलीकर
काल इथे 'रोखठोक' यांनी एका महाविद्यालयातल्या परिषदेची विषयपत्रिका टाकली. कपाशीच्या उत्पादन खर्चावर एक निबंध, रेणूंच्या कंपनांवर एक, गोंड मुलखातल्या इंग्रजी कारभारावर एक. खाली त्यांचा शेरा: "ही खिचडी बंद करा आणि सगळा पैसा बोंडअळीवर लावा. शेतकऱ्याला कामाचं तेवढंच संशोधन." त्याला दोनशेवर अंगठे मिळाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी खर्चाचं. 2018-19 पासून सरकार सांगतं की हमीभाव खर्चाच्या दीडपट आहे. कोणत्या खर्चाच्या? खिशातून गेलेला पैसा अधिक घरच्यांची मजुरी, एवढ्याच्या. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज त्यात धरत नाहीत. ते धरलं की तो सी-2 होतो, आणि दीडपटीचं गणित तिथेच ढासळतं. हा फरक वर्षानुवर्षं गावोगावच्या वह्या भरून कुणीतरी काढला, म्हणून आज कास्तकार नेता सभेत "सी-2 अधिक पन्नास टक्के" म्हणू शकतो. ही मागणी अर्थशास्त्राच्या कागदावरून आली आहे.

आता इतिहास. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, पुढच्या जमाबंदीत, म्हणजे शेतसारा ठरवताना, मालगुजारांना (गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना) मालकी हक्क मिळाले. गावाने जंगलातून काय आणायचं, कुठे गुरं चारायची, ते निस्तार (जंगल वापरण्याचे हक्क) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) यांच्या कागदांत उतरलं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गॅझेटियर आणि जमाबंदी अहवाल पुरावा म्हणून चालतात. म्हणजे ते दफ्तर वाचणारा माणूस ग्रामसभेला हवाच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा टाळ्या वाजवणारेच आज म्हणतात, इतिहासाचे प्रबंध कशाला?

रेणूंचं जाणकारांनी सांगावं. एवढंच लिहितो की भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन 1910 मध्ये सरकारी हिशेबनिसाच्या नोकरीवर याच नागपुरात होते. अठरा वर्षांनी त्यांनी रेणूंवरून विखुरणारा प्रकाश रंग बदलतो हे दाखवलं. त्यांच्या साहेबाने "फायलींच्या कामाचं तेवढंच करा" म्हटलं असतं तर?

रोखठोक
रामनचं नाव घेतलं की वाद संपला असं समजू नका. एका रामनमागे पदोन्नतीसाठी लिहिलेले किती रद्दी निबंध असतात, ते मी घरात पाहिलंय. माझ्या भाच्याने पैसे भरून तीन निबंध छापून आणले. त्यातला एक त्याला स्वतःला समजावून सांगता येत नाही. यवतमाळात 2017 साली फवारणीच्या विषाने वीसच्या वर माणसं गेली. तेव्हा कुठे होते तुमचे रेणू?

पऱ्हाटीवाला (काटोल)
धंतोलीकर, तुमचं वाचलं. चांगलं लिवलं. पण मले एक सांगा, तो रेणूवाला माह्या ट्रॉलीपाशी कधी येईन? मागच्या हंगामात खरेदी केंद्रावर रातभर लायनीत होतो. दव पडलं. ताडपत्री होती, पण कडेनं ओल लागलीच. सकाळी ग्रेडर (कापसाची प्रत ठरवनारा) आला, त्यानं ओल मोजायच्या मीटरची सळई नेमकी कडेला, पार खाली खुपसली. तेरा टक्के. बाराच्या वर वापस. म्या म्हटलं भाऊ, मधात लाव. तो म्हणे, शिकवू नको. मंग तोच कापूस खाजगीत देला, पाडून. माह्या बायकोनं वेचलेला कापूस हाय तो, कवडी निवडून, पालापाचोळा काढून. तुमचा सी-2 त्या सळईच्या टोकावर मेला.

भौतिकवाला
पऱ्हाटीवाले भाऊ, तुमच्याच प्रश्नावर रेणूंचं भौतिकशास्त्र आहे. कापसाचा तंतू म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज. त्याच्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात, ते पाण्याच्या रेणूला हायड्रोजन बंधाने धरतात. कोरडा कापूस वीज अडवतो. ओलावा थोडा वाढला की हा विद्युत रोध झपाट्याने कोसळतो. सळईचं मीटर प्रत्यक्षात रोधच मोजतं आणि त्यावरून ओलाव्याचा आकडा दाखवतं. पण तो रोध तापमानानेही बदलतो, कापूस किती दाबलाय त्यानेही बदलतो. ट्रॉलीच्या तळाशी वरच्या ढिगाचं वजन असतं, तिथे आकडा चढाच येणार. शिवाय सरकीत ओल जास्त वेळ टिकते, धागा आधी सुकतो. खरा ओलावा हवा तर नमुना भट्टीत 105 अंशांवर वाळवून आधीचं आणि नंतरचं वजन करावं लागतं. मीटर त्याच्याशी ताडून घ्यायचं असतं.

आता रुपये मोजा. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला की पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. म्हणजे मीटरचा एक टक्का क्विंटलमागे 81 रुपये. रोखठोक, हे रेणू आता तुमच्या कामाचे झाले का?

ग्रेडरचा भाऊ
सगळे मिळून ग्रेडरला चोर ठरवताय. माझा सख्खा भाऊ हंगामी ग्रेडर होता. त्याला कडेला आणि तळाशी सळई का लावावी लागते, माहिती आहे? कारण मधात कोरडा आणि खाली पाणी मारलेला कापूस भरून आणणारेही असतात. ओला माल घेतला, गाठीत पिवळा पडला, तर विचारणा त्याला होते. आणि लोक त्याची गचांडी धरतात ते वेगळंच. तो नोकरी सोडून आला.

पऱ्हाटीवाला (काटोल)
पाणी मारनारे असतीन बी. म्या मारलं का? एका चोरासाठी साऱ्या गावाचा कापूस वापस करता? मंग पाच जागी सळई लावा अन् सरासरी काढा. तेवढं कराले कोनता प्रबंध लागते?

भौतिकवाला
पाच जागी लावणं बरोबरच आहे. पण रोध सरळ रेषेत घसरत नाही, म्हणून ढिगाऱ्यात ओल एकसारखी नसली की साधी सरासरीही फसवते. किती जागी, किती खोल, किती दाबून, हे कापूस हातात घेऊन तपासावं लागेल. माझा एक विद्यार्थी हाच विषय मागत होता. त्याला सांगितलं गेलं, "हे शेतकी खात्याचं काम, आपलं नाही." शेतकीवाले म्हणाले, "हे भौतिकशास्त्र." पोरगा शेवटी दुसऱ्याच विषयावर पीएचडी करतोय आणि त्याची शिष्यवृत्ती सहा-सहा महिने येत नाही. रोखठोक यांची बोंडअळीही अशीच कुणाच्या तरी कुंपणाबाहेर पडणार आहे.

लांजी-देवगड
तुमचं मीटर संपलं असेल तर मी बोलते. धंतोलीकर, तुमचा इतिहासाचा परिच्छेद वाचून राग आला. आमचा गोंडांचा इतिहास तुम्हाला कामाचा वाटला तो वनहक्काच्या दाव्याला जोडायचा कागद म्हणून. तो कागद लिहिला कुणी? ज्यांनी बेवर शेतीला (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीला) जंगलाचा शत्रू ठरवलं आणि 1890 मध्ये मंडला भागात बैगा आदिवासींना एका आखलेल्या चकात बसवलं, त्यांनी. त्यांच्या नोंदीत आमची वापराची जंगलं "पडीक" आहेत. ज्या गावाचं नाव दफ्तरात नाही, ते गाव नव्हतंच का? हे शहर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह आमचा. इंग्रजांशी लढून 1858 मध्ये चांद्याला (आजच्या चंद्रपुरात) फासावर गेलेले बाबुराव शेडमाके आमचे. मिशनरी हिस्लॉपने टिपलेली, आमच्या आद्यपुरुष लिंगोची गाथा 1866 मध्ये छापली, ती एका परधानाने (गोंडांच्या गाथा गाणाऱ्याने) सांगितली होती. हिस्लॉपचं नाव कॉलेजला आहे. त्या परधानाचं नाव इथल्या किती जणांना सांगता येईल?

माझ्या आजीला गावशिवेचं प्रत्येक झाड, प्रत्येक पेनठाणं (देवाचं ठिकाण) पाठ होतं. दाव्याच्या वेळी साहेब म्हणाला, "कागद आणा." नियमात ज्येष्ठांचं निवेदन पुरावा म्हणून धरलंय, हे त्याला आम्ही दाखवलं, तेव्हा त्याने ऐकून घेतलं. आजीची साक्ष मी माझ्या हाताने लिहिली. ती मधेच थांबून गोंडीत झाडांची नावं सांगायची आणि मला मराठी शब्द सापडायचे नाहीत, म्हणून मी नावं गोंडीतच ठेवली.

धंतोलीकर
ज्येष्ठांच्या साक्षीचा मुद्दा मान्य. पण दफ्तर सोडून देऊ नका. इंग्रज अधिकाऱ्याने तुमच्या विरोधात लिहिलेल्या ओळीतही "इथे लोक पूर्वापार मोहफूल वेचतात" असं निघतं, आणि समोरचा वकील ते खोडू शकत नाही. ती ओळ शोधायला प्रशिक्षित डोळा लागतो.

लांजी-देवगड
डोळा आमच्या मुलांचा असू द्या. प्रबंध लिहिणारे येतात, मुलाखत घेतात, जातात. आजीच्या साक्षीची प्रत एकाने नेली, प्रबंधाची प्रत गावात आली नाही. रोखठोकांचा रद्दीचा आरोप मला या एका बाबतीत खोटा वाटत नाही.

रोखठोक
चला, एकाने तरी मानलं. मीटरचं मलाही पटलं, 81 रुपयांचा हिशेब समोर आल्यावर नाही कसं म्हणू. सी-2 चंही ठीक. पण पैसा मर्यादित आहे आणि बोंडअळी पहिली, यावरून मी हलणार नाही. 2002 ला बीटी, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेली कपाशी, आलं तेव्हा अळीचा प्रश्न सुटला म्हणाले. आता दोन जनुकांचं बीटीही गुलाबी बोंडअळी पचवते. त्याची किंमत वावरात बसलेला माणूस देतोय.

धंतोलीकर
बोंडअळी पचवायला शिकली, त्यात अर्थकारणही आहे, रोखठोक. बीटीभोवती बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या असतात, म्हणजे अळीत प्रतिकार लवकर पसरत नाही. त्या ओळी फारशा कुणी लावल्या नाहीत, कारण त्या ओळींचं नुकसान एकट्या कास्तकाराने सोसायचं होतं आणि फायदा सगळ्या गावाचा. पाणी असलं की पैशासाठी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभीच ठेवली, अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळालं. कीटकशास्त्रज्ञ एकटा हे सोडवू शकत नाही.

पऱ्हाटीवाला (काटोल)
फरदड म्याबी ठेवली होती. उधारी होती, काय करू. भौतिकवाले सर, तुमच्या त्या पोराले पहिल्या वेचणीले धाडा, दिवाळीच्या आगंमागं. तवा दव बी असते अन् सरकी बी ओली असते. ट्रॉली माही, कापूस माहा. भट्टी अन् वजनकाटा तुम्ही आना. ग्रेडरच्या भावानं बी यावं, सळई त्यानंच लावावी.

ग्रेडरचा भाऊ
येतो. पण ट्रॉली तुम्ही एकट्याने भरायची नाही, भरताना मी समोर उभा राहीन.