चितळाच्या पाडसाचं प्रिंट: कागद की कॅनव्हास?

इंदिरानगरवाली: लेकीच्या खोलीसाठी एका चित्रकाराचं प्रिंट आवडलंय. चितळाचं पाडस गवतात दबून बसलंय, कान मागे पडलेले, डाव्या कानाच्या कडेला उन्हाची बारीक रेघ. भिंत पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. फ्रेमसकट ३,००० च्या आत बसवायचंय. कागदावरचं घेऊ की कॅनव्हास? आणि नाशकात फ्रेम कुठे करू?

पंचवटीकर: डोळे झाकून कॅनव्हास घ्या. आमच्या हॉलमध्ये पाच फुटी वाघ आहे, आलेला माणूस आधी तिकडेच बघतो. ९,००० गेले, पण वसूल झाले.

रानवेडा: विकत कशाला? येवला तालुक्यात ममदापूरला जा, माळावर काळवीटं दिसतात. स्वतः फोटो काढा, तोच मोठा करून लावा.

कुंचला: त्यांना पाडस हवंय चितळाचं. काळविटाच्या पिल्लाला असे ठिपके नसतात. चितळाचे मात्र म्हातारपणीही जात नाहीत.

रानवेडा: हरिण ते हरिणच हो.

कुंचला: अजिबात नाही. चितळाच्या नराची शिंगं गळून पुन्हा येतात, काळविटाची आयुष्यभर तीच. लहान मुलीच्या भिंतीवर लावताय, तर तिला बरोबर तेच सांगा.

सिडको_सहावी_स्कीम: पंचवटीकर म्हणतात तेच, कॅनव्हास. काचेची भानगड नाही. आणि मोठंच घ्या.

गंगापूर रोड: ताई, आधी शाई विचारा. पिगमेंट शाई हवी. साध्या डाय शाईचे रंग उन्हानं लवकर उडतात, आणि तुमच्याकडे तर दुपारभर पश्चिमेचं ऊन. कागद कॉटनचा, ॲसिड-फ्री, म्हणजे लवकर पिवळा न पडणारा. फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला लावाच; मग काच चित्राला टेकत नाही. माझ्याकडच्यानं माउंट न घालताच काच ठोकली, पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटलं. सोडवताना शाईसकट पापुद्रा निघाला. पैसे परत मागितले तर म्हणे ओल तुमच्या भिंतीला. अजून संताप होतो. शक्य असेल तर भिंतच बदला.

पंचवटीकर: म्हणूनच म्हणतो, कॅनव्हास!

गंगापूर रोड: ऊन लागलं की कॅनव्हासवरची शाईही उडते. आणि पाडसाच्या अंगावरचे केस कॅनव्हासच्या विणीत हरवतात. जवळून बघायचं चित्र आहे हे.

रानवेडा: ममदापूरला उन्हाळ्यात पहाटे जा. बाकी तुमची मर्जी.

इंदिरानगरवाली: सगळ्यांचे आभार. कागदावरचंच घेतलं, ए-४. चित्रकाराला विचारलं, शाई पिगमेंटच आहे. खाली पेन्सिलीनं सही आणि प्रतीचा क्रमांकही आहे. भिंत तीच ठेवतेय, कारण लेकीला पलंगावर पडल्या पडल्या तीच दिसते. दुपारी पडदा ओढीन. माउंट चांगला रुंद सांगितलाय, मेन रोडला टाकलंय फ्रेमला.

सिडको_सहावी_स्कीम: ए-४ फारच लहान झालं. अजून बदलून मिळेल का बघा.