माईक नसताना डिकन्सचं वाचन शेवटच्या रांगेला ऐकू कसं जायचं?

अभिवाचक
एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स स्वतःच्या कादंबऱ्यांतले भाग तिकीट लावून वाचायचा. पण माईकशिवाय आवाज पोचायचा कसा? आणि जाडजूड गोष्ट एका संध्याकाळीत बसवायचा कशी?

पडद्यामागे
आधी मोकळ्या सभागृहात चाचणी. तो मंचावरून बोलायचा, व्यवस्थापक डॉल्बी कोपऱ्याकोपऱ्यांत उभा राहून ऐकायचा. पाठीमागे मरून रंगाचा आडपडदा असे, म्हणजे आवाज मागे विरत नाही आणि चेहरा, हात उठून दिसतात. वर परावर्तकासह गॅसच्या दिव्यांची रांग, बाजूंना उभ्या नळ्या. हे सगळं सामान आणि गॅसवाला दौऱ्यावर सोबत. ओठ दिसले की अर्धं ऐकू येतं, म्हणून उजेडाचा एवढा खटाटोप. धोकाही होताच: एकदा परावर्तकाची तांब्याची तार ज्योतीवर येऊन तापली. तुटली असती तर सगळं पुढच्या रांगेवर!

जुनीपाने
बसवायचा म्हणजे निर्दयपणे कापायचा. 1853 मध्ये बर्मिंगहॅमला 'ख्रिसमस कॅरोल'ला सुमारे तीन तास लागले होते. पुढे ते दीड तासाच्या आत आणलं. छापील पानं मोठ्या कोऱ्या पानांवर चिकटवायची, वर्णनं खोडायची, समासात आवाजाच्या आणि हावभावांच्या खुणा करायच्या. मोठ्या भागानंतर दहा मिनिटं मध्यंतर, मग बहुधा 'पिकविक' या त्याच्या विनोदी कादंबरीतला खटला. भरपूर तालमींमुळे बहुतेक तोंडपाठच असे.

अभिवाचक
पाठ होतं तर पुस्तक हातात कशाला?

जुनीपाने
नाटकाला न जाणारी सोवळी मंडळीही 'वाचना'ला येत. पुस्तक दिसलं की काम भागलं. 1867-68 च्या अमेरिका दौऱ्यात 76 वाचनं झाली, तिकिटांचा काळाबाजारही जोरात.

पडद्यामागे
तब्येतीचं मात्र वाटोळं झालं. 1869 पासून तो 'ऑलिव्हर ट्विस्ट' कादंबरीतल्या नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग जाहीरपणे वाचू लागला. 1870 च्या निरोपाच्या वाचनांत डॉक्टर नाडी मोजत होते; एरवी 72 असणारी नाडी या प्रसंगानंतर 124 पर्यंत गेली. 15 मार्चला शेवटचं वाचन, 9 जूनला मृत्यू.

अभिवाचनासाठी विचारत असाल तर अमेरिकी विनोदी लेखक मार्क ट्वेनची पद्धतही बघा. छापील वाक्य तोंडात ताठर वाटतं म्हणून तो गोष्ट पाठ करून, बोलीत मोडून, कागदाशिवाय सांगायचा. कर्ज फेडायला काढलेल्या जगदौऱ्यात जानेवारी 1896 मध्ये मुंबईच्या नॉव्हेल्टी थिएटरातही बोलला होता. त्याची सगळी भिस्त विरामावर: क्षणभर लांबला तर श्रोते शेवट ओळखतात, आखूड झाला तर हशा येतच नाही. तालमीत आधी तेच मोजा.