मदत हवी आहे: जिनिंगमध्ये 3 टनी फोर्कलिफ्ट चालवतो, आता 16 टनीवर बोलावलंय

सरकीवाला
नमस्कार मंडळी. मी देवळी तालुक्यात एका जिनिंग-प्रेसिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, फोर्कलिफ्ट चालवतो. 3 टनी, डिझेल, क्लचवालं मशीन, पुढे गाठी धरायचा क्लॅम्प. प्रेसमधून निघालेल्या गाठी उचलायच्या, थप्पी लावायची, ट्रक लागला की भरून द्यायचा. एक गाठ 170 किलोच्या आसपास. हात असा बसलाय की क्लॅम्प जास्त आवळला गेला तर गाठीवरच्या पट्टीचा आवाज ऐकूनच लिव्हर सोडतो. पण कापूस संपला की रेचे (सरकी काढायची मशीनं) बंद, मग दिवाळीपर्यंत शेतमजुरीच.

आता पुलगावकडे एका यार्डात बोलावलंय. रस्त्याखालच्या मोऱ्यांसाठी काँक्रीटचे तयार बॉक्स बनवतात. बारमाही काम आहे, मशीन जुनं 16 टनी. तिथला सुपरवायझर म्हणतो, "फोर्कलिफ्ट ती फोर्कलिफ्टच, फक्त मोठी." मला ते पटत नाही. शहरातला एक क्लासवाला तीन दिवसांत सर्टिफिकेट देतो, पण त्याच्याकडे मशीन आहे 2 टनी. खरंच काय वेगळं असतं? हो म्हणायच्या आधी काय विचारून घेऊ? लायसन्स लागत नाही असंही तिथले म्हणतात. माझ्याकडे कार आणि ट्रॅक्टरचं आहे.

बुटीबोरीकर
पगार किती देतात ते आधी सांग. बाकी सगळं शिकता येतं.

सरकीवाला
पगार जिनिंगपेक्षा बरा आहे दादा. म्हणून तर अडकलोय.

मास्टवाला
मी बरीच वर्षं जड मशीनवर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

16 टनी म्हणजे 16 टन उचलेलच असं नाही. मशीनवरच्या क्षमतेच्या प्लेटचा आकडा ठरावीक लोड सेंटरचा असतो, म्हणजे फोर्कच्या (पुढच्या दोन काट्यांच्या) उभ्या पाठीपासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर. तुझ्या 3 टनीला ते 500 मिमी असेल, या मशीनला बहुधा 600. माल त्याहून खोल असेल तर क्षमता घटते. तुझ्या क्लॅम्पनेही ती आधीच खाल्ली आहे, कारण त्याचं स्वतःचं वजन आहे आणि तो माल पुढे ढकलतो. गाठी हलक्या म्हणून तुला कधी जाणवलं नसेल.

बॉक्स केवढे आहेत? आतून रुंदी, उंची, भिंतीची जाडी आणि लांबी, चारही सांग.

सरकीवाला
आतून 2 बाय 2 मीटर, भिंत 20 सेंटीमीटर, लांबी 2 मीटर. वजन कोणी सांगत नाही. "सात-आठ टन असेल" एवढंच.

मास्टवाला
वजन काढायला इंजिनिअर लागत नाही. बाहेरून 2.4 बाय 2.4 म्हणजे 5.76, त्यातून आतले 4 वजा केले की 1.76. गुणिले लांबी 2, झाले साधारण 3.5 घनमीटर. सळईसकट काँक्रीट घनमीटरला 2.5 टन धर. 8.8 टन. सात नव्हे.

आता बाजूने, म्हणजे 2.4 मीटरच्या अंगाने खालून उचललास तर लोड सेंटर 1.2 मीटर. पुढच्या ॲक्सलच्या मध्यापासून फोर्कच्या पाठीपर्यंत अशा मशीनला अंदाजे 90 सेंटीमीटर धरू. प्लेटच्या हिशोबात 0.9 अधिक 0.6 म्हणजे 1.5 मीटर, आपल्या बॉक्सला 0.9 अधिक 1.2 म्हणजे 2.1. 16 गुणिले 1.5 भागिले 2.1, येतात 11.4 टन. तोंडाकडून, म्हणजे बॉक्सच्या उघड्या बाजूने घेतलास तर सेंटर 1 मीटरवर येतं आणि क्षमता साडेबारापर्यंत जाते. पण तोंडाकडून फोर्क आत घालून छतावर उचलायचं की तळाखाली लाकडी ठोकळे ठेवून, हे ड्रॉइंग करणाऱ्याला विचारायचं. ऑपरेटरने मनाने ठरवायचं नाही. फोर्कही मालाच्या खोलीच्या निदान दोन तृतीयांश लांब हवेत.

म्हणजे हा बॉक्स बसतो. उद्या 3 मीटर लांबीचा आला की वजन 13 टनांच्या वर, आणि तोच सुपरवायझर म्हणेल, "16 टनी आहे ना, उचल." हा हिशोब तिथे करता आला पाहिजे. अर्थात हा झाला अंदाज, खरा आकडा मशीनच्या लोड चार्टचा, म्हणजे किती अंतरावर किती वजन चालतं त्या कंपनीच्या तक्त्याचा.

चालवण्यातला फरक: क्लच बहुधा नसेल, टॉर्क कन्व्हर्टर असेल, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून चाकांकडे जातो. डावीकडे इंचिंग पेडल असतं. ते थोडं दाबलं की गिअर सुटत जातो, पूर्ण दाबलं की ब्रेकही लागतो. त्यामुळे इंजिन फिरतं ठेवून लिफ्टला जोर देता येतो आणि मशीन मात्र इंच-इंच सरकतं. क्लचच्या सवयीने एकदम सोडलंस तर 8.8 टनांना हिसका बसेल. ते रिकाम्या मशीनवर पायात बसव.

आणि वळताना मागचं बूड केवढं बाहेर येतं ते बघ. स्टिअरिंग मागच्या चाकांना असतं हे तुला सांगायला नको, पण इथे ते बूड म्हणजे कित्येक टनांचं काउंटरवेट (पुढच्या मालाला तोलणारं वजन) आहे, आणि हेल्पर लोकांना नेमकं तिथेच उभं राहायची सवय असते.

पांढरकवडा_एक्सप्रेस
भाऊ, हिशोब बरोबर हाये, पन यार्डातली जमीन पाहून आला का तू? आपल्या इकडची काळी माती. उन्हात भेगा पडते, अन् मृगाचा पानी आला का फुगते. तुह्या जिनिंगचा फरशीवाला गोडाऊन अन् हे यार्ड, लय फरक हाये. मशीन 20-22 टनाचं, वर बॉक्स, म्हंजे तीस टन. त्यातलं चारातल्या तीन हिश्श्याहून जास्त वजन निस्तं पुढच्या चाकावर येते. एक चाक बसलं का मास्ट, म्हंजे फोर्क वर-खाली होते तो पुढचा उभा सांगाडा, कलला, अन् मास्ट कलला का बॉक्स कुशीले.

आमच्या इकडं एका यार्डावाल्यानं मुरूम टाकला, पन खाली खडी नाई, दाबला बी नाई. पह्यल्याच पावसात मशीन रुतलं, काढाले दोन जेसीबी लागले. मालक म्हने ऑपरेटरची चूक. काहून बावा? जमीन ऑपरेटरनं केली का?

तू जाजो तवा पावसाळ्यात माल कुठून कुठं नेतात ते विचारजो. रॅम्प हाये का, अन् किती चढाचा, ते बी पाहजो.

मास्टवाला
पांढरकवडावाल्या भाऊंनी लाखाची गोष्ट सांगितली, माझ्या ध्यानातच नव्हती. रॅम्पचं असं: भरलेलं असताना माल नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे उतरताना रिव्हर्समध्ये. रिकामं असताना उलट, फोर्क उताराकडे. रॅम्पवर वळायचं नाही. माल जमिनीपासून वीतभर वर आणि मास्ट मागे टिल्ट. बॉक्सने पुढचं काही दिसणार नाही, तेव्हा सपाटीवरही रिव्हर्समध्येच आणि शिट्टीवाला माणूस सोबत.

बऱ्याच जणांना वाटतं रिकामं मशीन सुरक्षित. उलट आहे. रिकाम्याचा तोल मागे, स्टिअरिंग ॲक्सलकडे सरकतो, तिथे आधार निमुळता होतो, म्हणून वेगात वळवलं तर रिकामं आधी आडवं होतं. बेल्ट लावलेलाच हवा. कललंच तर उडी मारायची नाही, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, पडतंय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. उडी मारणारा वरच्या पत्र्याखाली सापडतो.

कागदोपत्री
लायसन्सबद्दल. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 2(28) मध्ये वाहनाची व्याख्या आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेलं खास वाहन त्यातून वगळलंय. त्यामुळे आवाराच्या आत लागत नाही हे तिथल्यांचं म्हणणं चूक नाही. पण यार्डाचे दोन तुकडे आहेत का, मधून डांबरी रस्ता जातो का? सार्वजनिक रस्त्यावर चाक आलं की नोंदणी, विमा आणि योग्य वर्गाचं लायसन्स, तिन्ही विचारले जातील. तिथे काही घडलं तर सीटवर तू असशील, सुपरवायझर नाही.

तीन दिवसांच्या सर्टिफिकेटला माझ्या मते पैसे घालू नकोस. त्यापेक्षा जुन्या ऑपरेटरसोबत काही दिवस बसायला मिळावं, ही अट घाल.

सरकीवाला
सगळ्यांचे आभार. आज यार्डात जाऊन आलो. रस्ता मधून जातो, पलीकडच्या तुकड्यात तयार माल ठेवतात. सुपरवायझरला म्हटलं, रस्त्यापलीकडे मी नेणार नाही, त्याला क्रेन आणि ट्रेलर लावा. "बघू" म्हणाला. जुने ऑपरेटर काका आठवडाभर सोबत बसू देतो म्हणाले. मुरूम आहे, पण कडेला टाचेने दाबला तर आत जातो. प्लेटवर मात्र रंग मारलाय, एक अक्षर वाचता येत नाही.

मास्टवाला
रंग खरवडू नकोस, आकडे जातील. थिनर लावलेल्या फडक्याने हळू पूस. नाहीच निघालं तर चेसिसवर ठोकलेला सीरियल नंबर आणि मॉडेल लिहून घे आणि मालकाला कंपनीच्या डीलरकडून लोड चार्ट मागवायला लाव. तो हातात येईपर्यंत फक्त 2 मीटरवाले बॉक्स, तेही तोंडाकडून घ्यायची ड्रॉइंगवाल्याने परवानगी दिली तरच. आणि त्या मऊ कडेपासून लांब राहा, तिकडे आधी रोलर फिरवून घ्यायला सांग.

पांढरकवडा_एक्सप्रेस
रोलर फिरवला का सांगजो रे इथं.