पुस्तक कुठल्या पानावर मिटलंत?

शाळेत असताना जेकब्सची 'द मंकीज पॉ' वाचली होती. माकडाचा वाळलेला पंजा, तीन इच्छा, आणि दुसऱ्या इच्छेनंतर रात्री दारावर पडणारी थाप. त्या थापेपाशी पुस्तक जे मिटलं ते आठवडाभर उघडलं नाही. कपाटातसुद्धा कणा भिंतीकडे करून ठेवलं होतं, नाव दिसायला नको म्हणून.

गेल्या महिन्यात ती गोष्ट पुन्हा हाती लागली. थापेचं काही म्हणजे काही वाटलं नाही. या वेळी मी अडकले ते बरंच आधी. मुलगा यंत्रात सापडून गेला हे सांगायला कंपनीचा माणूस घरी येतो. आमच्यावर जबाबदारी नाही म्हणतो, तरी मुलाच्या कामाची कदर म्हणून भरपाई देऊ करतो. दोनशे पौंड. बापाने पंजाकडे नेमके तेवढेच मागितलेले असतात. गोष्ट १९०२ सालची. शाळेत त्या माणसाकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. आता माझा मुलगा नोकरीला लागलाय.

म्हणून हा धागा काढतेय. भयकथा असो, डिस्टोपियन (म्हणजे बिघडलेलं, भयाण जग रंगवणारी) कादंबरी असो, नाहीतर 'वाचायलाच हवं' म्हणून हातात घेतलेलं एखादं अभिजात पुस्तक. तुम्ही कुठे थांबलात? घाबरून, वैतागून, की कंटाळून? आणि परत उघडलंत का? नुसत्या याद्या नकोत, जागा सांगा. शेवट फुटणार आहेत, चालत नसेल त्यांनी जपून.

*

घाबरायचं असं ठरवून 'ड्रॅक्युला' आणलं आणि हातात पडली कागदपत्रं. रोजनिशी, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं. किल्ल्यातले पहिले चार अध्याय जबरदस्त, पुढे काउंटसाहेबांचं दर्शन दुर्मीळ. एका जागी तर मी मोठ्याने हसलो: किल्ल्यात कामासाठी आलेला हार्कर खोलीत येतो आणि हा रक्तपिपासू सोफ्यावर आडवा होऊन इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचत असतो!

मिटलं ते काउंटला इंग्लंडला आणणाऱ्या 'डिमीटर' जहाजाच्या नोंदींवर. एकेक खलाशी नाहीसा होत जातो आणि कप्तान आपला इमानाने लिहीत राहतो, आज कोण गेला, किती उरलो. शेवटी स्वतःला सुकाणूच्या चाकाला बांधून घेतो. मी ते रात्रपाळीत वाचत होतो. माझ्या कामात दर तासाला वहीत नोंद करावी लागते, खाली सही. तीनची नोंद केली, पुस्तक बॅगेत टाकलं आणि दिवा असलेल्या कोपऱ्यात जाऊन बसलो. उरलेलं घरी वाचलं, दिवसा.

*

'पेट सेमेटरी'. रस्ता, ट्रक, लहान मुलगा. माझा तेव्हा दोन वर्षांचा होता, याहून जास्त लिहिता येत नाही. हस्तलिखित फार भीषण झालंय असं वाटून लेखक स्टीफन किंगने स्वतःच ते बाजूला टाकून दिलं होतं, १९८३ मध्ये छापलं, हे नंतर कुठेतरी वाचलं. आधी कळायला हवं होतं.

*

ऑर्वेलचं '१९८४' म्हटलं की सगळे छळाच्या एकशे एक नंबरच्या खोलीबद्दल आणि उंदरांबद्दल बोलतात. मला उंदरांचं विशेष काही वाटलं नाही. (घरात पाहिलेत पुरेसे.) माझं पुस्तक मिटलं ते चॉकलेटवर. चॉकलेटचं रेशन तीस ग्रॅमवरून वीसवर आणल्याची घोषणा होते. दुसऱ्या दिवशी बातमी येते की रेशन वाढवून वीस ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी आभाराचे मोर्चे काढले. नायक विन्स्टन कँटीनमध्ये आजूबाजूला बघतो. कालचं कुणालाच आठवत नाही का, की फक्त मलाच आठवतंय?

मी मजकूर तपासायचं काम करते. जुन्या मजकुरातला आकडा बदलायचा आणि आधी तो वेगळा होता याची खूण ठेवायची नाही, हे आमच्याकडे 'दुरुस्ती' या नावाने चालतं. बहुतेक वेळा ती खरोखर दुरुस्तीच असते. पण विन्स्टनचं काम हेच आहे आणि तो त्यात हुशार आहे, त्याला त्या कामात मजा येते! अस्तित्वात नसलेला एक शूर सैनिक तो बसल्या जागी तयार करतो, जन्मापासून मरणापर्यंत, आणि स्वतःवर खूश होतो. हे पान वाचताना माझे कान गरम झाले होते.

एक सांगते, शेवटचं परिशिष्ट सोडू नका. नव्या भाषेचं व्याकरण म्हणून पुष्कळजण ते गाळतात. ते सगळं भूतकाळात लिहिलेलं आहे. म्हणजे कादंबरीतली ती हुकूमशाही राजवट कधीतरी संपली, असं काहीजण त्यातून काढतात. ऑर्वेलच्या मनात तेच होतं का, माहीत नाही. मी मात्र त्या क्रियापदांना धरून बसलेय.

*

वर चॉकलेटचा विषय निघालाच आहे तर माझंही चॉकलेटच. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', १९३२. लिंडा नावाची बाई मरायला टेकलीय, सोमा या नशेच्या औषधाच्या गुंगीत. (हे नाव वेदांतल्या सोमावरूनच उचललेलं, त्यामुळे सुरुवातीला मला गंमत वाटली होती.) तेवढ्यात त्या वॉर्डात लहान मुलांची अख्खी पलटण येते. मरणाची सवय व्हावी म्हणून त्यांना तिथे आणतात आणि चॉकलेटचे एक्लेअर वाटतात. मुलं तोंडाला चॉकलेट फासलेल्या अवस्थेत मरणाऱ्या बाईकडे टकामका बघत उभी.

'१९८४' वाचताना आपण मनातल्या मनात तरी बंड करतो. इथे मला बंड करावंसं वाटलंच नाही. त्याआधीची शंभर पानं मी चक्क विचार करत होतो की यात वाईट काय आहे? कुणी उपाशी नाही, कुणी एकटं नाही, नोकरीची चिंता नाही. त्या मुलांपाशी येईपर्यंत मी त्या जगात राहायला जवळजवळ तयार झालो होतो. याचा राग पुस्तकावर काढला आणि मिटून ठेवलं. पंधरा दिवसांनी पूर्ण केलं.

*

आमची धाव नारायण धारपांच्या भयकथांपर्यंत. कथेत समर्थ (त्यांचा अघोरी शक्तींशी लढणारा नायक) येणार हे ठाऊक असलं की कितीही अघोरी वाचा, आत कुठेतरी धीर असायचा. मतकरींच्या गूढकथांनी तो धीर मला कधी दिला नाही. दोघांपैकी कुणाचं पुस्तक उशाशी ठेवून झोपता येतं यावर आम्हा भावंडांत अजून वाद आहे.

*

अभिजात म्हणजे कंटाळा असं माझं पक्कं मत होतं. 'क्राइम अँड पनिशमेंट' दोनदा सोडलं, दोन्ही वेळा नावांमुळे. रोडिऑन, रोद्या, रोमानोविच, रास्कोल्निकोव्ह ही चार माणसं नाहीत हे कळायलाच साठ पानं गेली. तिसऱ्यांदा खुणेच्या कागदावर नावं लिहून घेतली आणि नेटाने बसले.

खून केल्यावर रास्कोल्निकोव्ह त्या घरातच अडकतो. दाराला आतून कडी. बाहेर दोन माणसं येतात, दार ओढतात, हलवून बघतात. आणि हा आत उभा राहून त्या थडथडणाऱ्या कडीकडे बघतोय, निसटते की काय. मी श्वास रोखून धरला होता. ती माणसं खाली उतरली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग लक्षात आलं, मी कुणाच्या बाजूने होते? मागच्या खोलीत दोन बायका कुऱ्हाडीने मारून पडल्या आहेत आणि मला काळजी याच्या सुटण्याची. तिथे मिटलं. एकही भयकथा मला स्वतःबद्दल एवढं वाईट वाटायला लावू शकली नव्हती. १८६६ सालचं पुस्तक आहे हे.

*

हे वाचून 'फ्रँकेन्स्टाइन' आठवलं. सिनेमांमुळे माझी समजूत, राक्षस नुसता हुंकारणार. पुस्तकात तो पानंच्या पानं बोलतो, आणि काय सुंदर बोलतो! झोपडीला लागून लपून राहतो, भिंतीच्या फटीतून आतल्या कुटुंबाचं बोलणं ऐकत शब्द शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं तोडून आणतो. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी माणसासारखं बोलतो. तेवढ्यात मुलगा येतो आणि काठीने झोडपायला लागतो.

मी परक्या भाषेच्या मुलखात नवीन असताना असाच मागच्या बाकावरून लोकांचं ऐकत शब्द जमवले होते. पहिल्यांदा बोललो तेव्हा काठी नाही पडली, हशा पडला. मेरी शेलीने हे लिहायला घेतलं तेव्हा, १८१६ मध्ये, ती अवघी अठरा वर्षांची होती. तिला कसं कळलं असेल?

*

शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी'. दहा-बारा पानांची तर गोष्ट: गावात सोडत निघते आणि जिचं नाव येतं तिला सगळं गाव दगडांनी मारतं. २६ जून १९४८ च्या 'न्यूयॉर्कर'मध्ये आली तेव्हा लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि काहींनी तर ही सोडत कुठे होते, बघायला मिळेल का, असं विचारलं. मला हे वाचून हसू यायला हवं होतं. पण लहानग्या डेव्हीच्या हातात कुणीतरी चार खडे देतं, आईला मारायला, ती ओळ एकदा वाचली की मग बाकीचं काही सुचत नाही.

*

मला लिहायला उशीर झाला, लिहू की नको चाललं होतं.

काफ्काची 'मेटॅमॉर्फॉसिस' मी आईच्या आजारपणात वाचली. पावणेदोन वर्षं ती अंथरुणावर होती. सगळे ग्रेगोरबद्दल बोलतात, तो किडा होऊन उठतो त्याबद्दल. मी पहिल्यापासून त्याच्या बहिणीकडे बघत होते. ग्रेटे सुरुवातीला किती मायेने करते! भावाला आता काय आवडेल म्हणून नाना तऱ्हेचं खाणं पुढे मांडते. मग हळूहळू तेच खाणं पायाने आत सरकवायला लागते. आणि एक दिवस तीच सगळ्यांत आधी बोलते की याच्यापासून सुटका करून घ्यायला हवी.

तिथे मिटलं. आईच्या खोलीतून हाक येत होती आणि मी उठायला वेळ लावला, एवढंच त्या दिवशी झालं. दुसरं काही नाही.

आई गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी उरलेली पानं वाचली. ग्रेगोर मेल्यावर आईबाप आणि बहीण ट्रामने शहराबाहेर जातात. ऊन पडलेलं असतं. उतरताना ग्रेटे सगळ्यांत आधी उठते आणि मस्त आळस देते.

मी ते बागेतल्या बाकावर बसून वाचलं. सकाळपासून बाहेरच होते.