मतदाराला मेंढरू म्हणणं आता पुरे

कृष्णाकाठ:
'जुना कार्यकर्ता' यांनी काल लिहिलं की व्हॉट्सअ‍ॅपनं मतदाराचं मेंढरू केलंय. पूर्वी लोक सभा ऐकून, विचार करून मत द्यायचे, आता आलेला मेसेज पुढं ढकलतात आणि तसंच बटण दाबतात. हे वाचून राग आला म्हणून सविस्तर लिहिते.

२०१९ची लोकसभा आठवा. राज ठाकरेंनी एकही उमेदवार उभा केला नव्हता, पण 'लाव रे तो व्हिडीओ' लहान पोरांच्याही तोंडी होतं. सरकारच्या 'डिजिटल गाव' हरिसालच्या जाहिरातीतला तरुण त्यांनी थेट स्टेजवर आणला. ते तुकडे निकालापर्यंत फिरत होते, आमच्या स्टाफरूममध्ये तर भाजपवाले शिक्षकही चवीनं बघायचे. निकाल काय लागला? ४८ पैकी ४१ जागा युतीला. लोकांनी व्हिडीओ बघितले आणि मत आपल्या मनानं दिलं.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवारांची पावसातली सभा झाली. त्या फोटोनं साताऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक फिरवली असं मुंबईचे लोक आम्हाला अजून सांगतात. अहो, उदयनराजे मे महिन्यात निवडून आले, सप्टेंबरात राजीनामा देऊन पक्ष बदलला आणि ऑक्टोबरात पुन्हा मत मागायला दारात! माझे सासरे, आयुष्यभर राजघराण्यापुढं मान झुकवणारे, तेव्हाच म्हणाले होते, "या वेळी नाही." फोटोनं त्या रागाला वाचा फोडली. राग आधीचाच होता.

जुना कार्यकर्ता:
ताई, शब्द कडक आहे, पण मागे घेणार नाही. मी बूथवर केस पांढरे केलेत. पूर्वी यादीत नावापुढं आम्ही खुणा करायचो: आपला, त्यांचा, आणि 'भेटावं लागेल'. आता नावापुढं मोबाईल नंबर लिहितात आणि यादी पक्षाच्या वॉर रूमला जाते. ज्याला भेटावं लागेल त्याच्या ओट्यावर कोणी बसत नाही, त्याला क्लिप जाते.

गेल्या विधानसभेला प्रचाराचे भोंगे बंद झाले त्या रात्री आमच्या उमेदवारानं दुसऱ्याला पाठिंबा दिल्याची क्लिप वाडीवस्तीवर पोचली. खाली बातमीची लाल पट्टी, वर चॅनेलसारखं चिन्ह. पहाटेपर्यंत मोटारसायकलवरून फिरून "खोटं आहे" सांगत होतो. लोक म्हणायचे, "पण टीव्हीवर आलंय ना?" सभेत कोणी थापा मारल्या तर माणूस उठून विचारायचा तरी. या क्लिपला विचारायचं कोणी, आणि कुठं?

साक्रीकर:
कृष्णाकाठ, तुमचं सातारा ठीक आहे. आमच्या तालुक्यात १ जुलै २०१८ला राईनपाड्याच्या बाजारात मंगळवेढ्याकडचे पाच भटके डवरी गोसावी पोरं पळवणारे समजून ठार मारले गेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. आधी कित्येक दिवस तेच मेसेज फिरत होते. मग कंपनीला जाग आली आणि एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड, असा नियम आला. फोन फक्त आधीचा राग बोलून दाखवतो म्हणता? त्या पाच जणांवर कोणाचा कसला राग होता?

कृष्णाकाठ:
राईनपाड्यापुढं मला उत्तर नाही. पण भीतीनं भडकलेला जमाव आणि रांगेत उभा राहून मत देणारा माणूस मी एका मापानं मोजणार नाही.

ठाणेकर:
का नाही? २०२४च्या लोकसभेला भाजप संविधान बदलणार म्हणून रान उठवलं आणि आघाडी ३० जागांवर गेली. फडणवीस फेक नॅरेटिव्ह म्हणाले ते खरंच होतं. सहा महिन्यांत विधानसभेला त्याच महाराष्ट्रानं महायुतीच्या तीन पक्षांना २३० जागा दिल्या. इतक्या लवकर मन फिरतं ते फोनमुळेच. आणि कांद्याचा तर नुसता बाऊ केला होता.

निफाडकर:
बाऊ? ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली तेव्हा माझा ट्रॅक्टर बाजार समितीच्या रांगेत होता. लिलाव बंद पडले, सुरू झाले तेव्हा बोली ऐकवत नव्हती. पुढं एप्रिलात गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला, २००० टनांना, परवानगी मिळाली. ती बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवरच कळली आणि ती शंभर टक्के खरी होती! बंदी उठली ४ मेला, तीही ४० टक्के निर्यात शुल्क लावून. आमचं मतदान २० मेला. दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. हे फेक नॅरेटिव्ह असेल तर या आमच्या कांदाचाळीवर, सडका कांदा निवडायला बसा.

ठाणेकर:
आणि बंदीआधी आम्ही किलोला सत्तर-ऐंशी मोजले त्याचं काय? शहरातला ग्राहक माणूस नाही का? दरवेळी तुमचंच रडगाणं.

निफाडकर:
त्या ऐंशीतले माझ्या विक्रीच्या पट्टीवर किती आले ते विचारा ना. मधल्यांनी खाल्ले. भाव चढला की बंदी, पडला की कोणी फिरकत नाही.

चांदवडची लेक:
निफाडकर भाऊ, मी तुमच्याच बाजूची, पण एक विसरलात. फेब्रुवारीत बंदी उठली अशी बातमी आली होती. टीव्हीवर आली, आपल्या बाजारभावाच्या ग्रुपवर तर पेढे वाटायचे बाकी होते. लासलगावला १७ तारखेला क्विंटलला १२८० असलेला भाव १९ला १८०० झाला. दुसऱ्या दिवशी दिल्लीनं सांगितलं, बंदी ३१ मार्चपर्यंत कायम. माझ्या भावानं 'अजून चढेल' म्हणून माल धरून ठेवला आणि तोंडावर आपटला. ग्रुपवर टाकणारा कोण होता ते आजतागायत कळलं नाही.

निफाडकर:
हो, ते झालं. मीही धरला होता.

जुना कार्यकर्ता:
हेच मी कालपासून सांगतोय. फेसबुकवरच्या राजकीय जाहिरातीखाली पैसे कोणी दिले ते नाव तरी असतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लिपखाली काय असतं? विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा, मांडव-खुर्च्यांचा हिशेब द्यावा लागतो. त्या क्लिपा बनवणाऱ्या पोरांचा पगार कोणत्या रकान्यात दाखवतात, सांगा.

कृष्णाकाठ:
एवढं मान्य, आणि नाइलाजानं मान्य. ठाणेकर, तुमचं मात्र नाही. विधानसभेआधी बाईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये पडले, ते काही फॉरवर्ड नव्हते. आमच्या शाळेत भात शिजवणाऱ्या मावशींकडे साधा बटणांचा फोन आहे. त्यांनी लोकसभेला एकाला आणि विधानसभेला दुसऱ्याला मत दिलं. दोन्ही वेळेला का, ते त्या धडाधड सांगतात. त्यांना मेंढरू म्हणून दाखवा.

जुना कार्यकर्ता:
मावशींना नाही म्हणणार. बाकीच्यांचं बघू.

निफाडकर:
आणि ठाणेकर, ४० टक्के शुल्काचं उत्तर राहिलंय तुमचं.